लिनक्सवर क्रोम आणि फायरफॉक्स: टूलकिट बदलण्याच्या दोन वाटा

जीटीके म्हणजे लिनक्सवर प्रोग्रामच्या खिडक्या, बटणं, मेनू काढून देणारं तयार साधन, म्हणजेच टूलकिट. त्याची जुनी आवृत्ती, जीटीके 2, सोडायची वेळ आली तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी वेगळ्या वाटा धरल्या. क्रोमने 2014 मध्ये, आवृत्ती 35 पासून, ऑरा हे स्वतःचं टूलकिट आणलं. बटणं, मेनू सगळं क्रोम स्वतःच रंगवतो. फाइल निवडायची खिडकी तेवढी जीटीकेची राहिली. फायदा मोठा: विंडोज आणि लिनक्सला बराचसा कोड एकच.

फायरफॉक्स 2016 मध्ये, आवृत्ती 46 ला, जीटीके 3 वर गेला. त्रास झालाच. गडद थीम असली की काही साइट्सच्या फॉर्ममध्ये पांढऱ्या चौकटीत पांढरी अक्षरं उमटायची. टाइप केलेलं दिसेचना! तरी मला हीच वाट पटते. डेस्कटॉपची थीम, फॉन्ट तो मनापासून पाळतो, आणि वेलँडचा (लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवायची नवी पद्धत) रस्ताही त्याला जीटीके 3 मुळेच खुला झाला.