दुसऱ्या कंपनीची लेन्स: आठ महिन्यांचा वापर आणि वाकलेले जोते

माझ्या एपीएस-सी (मध्यम आकाराचा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यासाठी आठ महिन्यांपूर्वी मी दुसऱ्या कंपनीची एफ २.८ (म्हणजे छिद्र बरेच मोठे उघडणारी) झूम लेन्स घेतली, कारण कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कंपनीची तशीच लेन्स जवळजवळ दुप्पट किमतीची होती आणि तेवढे पैसे खर्च करणे मला पटत नव्हते. नावे मुद्दाम लिहीत नाही; पुढे जो वाद झाला त्यात निम्मी चूक माझी होती.

पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. मग सेन्सर साफ करण्यासाठी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) सेवाकेंद्रात दिली, ती आठवड्याने परत आली आणि त्याच रविवारी मी सिन्नरला गोंदेश्वराचे मंदिर टिपायला गेलो. घरी येऊन पाहतो तो चित्राच्या खालच्या बाजूची जोत्याची सरळ कड मध्यभागी खाली झुकलेली दिसली. यादवकालीन कारागिरांनी रेषेत बसवलेला दगड माझ्या लेन्सने वाकवला होता. दुकानदार म्हणाला की लेन्स ठीक आहे, बॉडीचा माउंट (लेन्स जिथे बसते ती कडी) तपासून घ्या. सेवाकेंद्राने सांगितले की बाहेरच्या लेन्सची जबाबदारी आम्ही घेत नाही. दोन्हीकडे दोन-दोन खेपा झाल्या आणि रिक्षाचे भाडे अंगावर पडले.

शेवटी मेनू उघडून एकेक पान पाहिले, तेव्हा उलगडा झाला. दुरुस्तीत सगळी सेटिंग्ज मूळ स्थितीत गेली होती आणि त्या स्थितीत लेन्सचे दोष कॅमेऱ्याने आपोआप भरून काढण्याच्या सोयींपैकी कडांचा अंधार व रंगांची किनार यांची सुधारणा चालू असते, पण डिस्टॉर्शनची (सरळ रेषा वाकण्याच्या दोषाची) बंद असते. ती चालू करताच जोते सरळ झाले. सेवाकेंद्राने एका वाक्यात सांगितले असते तर माझे चार फेरे वाचले असते.

आनंदापेक्षा आधी रागच आला. ज्याला मी काचेचा गुण समजत होतो, ते कॅमेऱ्याने केलेले गणित होते. हे मत पुढे बदलले. मायक्रो फोर थर्ड्स ही छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांची प्रणाली २००८ मध्ये आली तेव्हापासून अशा सुधारणा गृहीत धरूनच लेन्स आखल्या जातात, आणि त्यात कॅमेऱ्याच्या कंपन्यांच्या स्वतःच्या लेन्सही आल्या. हे सारे काचेनेच साधायचे म्हटले तर लेन्स जड आणि महाग होते. सोनीने ई माउंटची (आपल्या कॅमेऱ्यांच्या लेन्स-जोडणीची) मूलभूत माहिती एप्रिल २०११ पासून इतर उत्पादकांना विनाशुल्क खुली केली. आजच्या अनेक लेन्स आपली सुधारणेची माहिती स्वतःजवळ बाळगतात आणि मागच्या धातूच्या संपर्कबिंदूंतून ती बॉडीला देतात. काही जुन्या प्रणालींत मात्र बॉडी लेन्सचा ओळखक्रमांक पाहून स्वतःच्या स्मृतीतली माहिती लावते. तिथे बाहेरच्या लेन्सचा क्रमांक दुसऱ्याच लेन्सशी जुळला, तर चित्र सुधारण्याऐवजी बिघडते. अशा जोडीत ही सोय बंद ठेवलेलीच बरी.

आता माझा खरा आक्षेप चित्राच्या कोपऱ्यांत दिसणाऱ्या दाण्यांवर (नॉइजवर) आहे, आणि तो मी कदाचित गरजेपेक्षा जास्त ताणतो आहे. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावरच्या पणत्या आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० वर पूर्ण उघड्या छिद्राने टिपल्या. एखादा कोपरा दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) काळा असेल, तर कॅमेरा तो उजळताना तिथली दाण्यांची पातळी जवळजवळ आयएसओ ६४०० इतकी होते; मधल्या पणत्या स्वच्छ आणि कडेचे पाणी वाळूसारखे, असे चित्र मला आले. डिस्टॉर्शनच्या सुधारणेतही कोपरे ताणले जातात आणि चौकटीची थोडी रुंदी कापली जाते. फोकसच्या पुढेमागे दिसणारी जांभळी-हिरवी झाक तर यांतल्या कोणत्याच सुधारणेने पूर्ण जात नाही.

म्हणून दिव्यांच्या चित्रांना मी कडांची सुधारणा बंद ठेवतो; काळे कोपरे तिथे शोभतात. वास्तूंसाठी डिस्टॉर्शन चालू आणि छिद्र एफ ५.६. लेन्स विकण्याचा विचार सोडला आहे, आणि बॉडी पुन्हा कोणाच्या हाती देण्याआधी मेनूच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवले आहेत.