सरळ कागद, उलटी अक्षरं

जुन्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स ऑनलाइन घेताना फसलो, गेले एकूण ८८४ डॉलर ५० सेंट. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कुणी विचारायला नको. बॉक्सचे ६४०, पॅकिंग-कुरिअरचे ८४.५० आणि ‘डिलिव्हरीनंतर परत मिळणाऱ्या’ इन्शुरन्सचे १६०. ते शेवटचे १६० आठवले की अजून कान तापतात.

मी मिशिगनला असतो. तीन वर्षं झाली, गॅरेजमध्ये १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए ची बॉडी १९३२ च्या चेसिसवर चढवतोय. बायको त्याला ‘सांगाडा’ म्हणते. सगळं जुळत आलं आणि गाडं अडलं स्टिअरिंग बॉक्सपाशी (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारी गिअरची पेटी). मॉडेल ए चा मूळ बॉक्स चाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी होता, व्ही-८ बसवल्यावर त्याच्या भरवशावर हायवेला जायची माझी छाती नाही. मला हवा होता १९४८ ते ५२ च्या फोर्ड एफ-१ पिकअपचा. ट्रकचा माल, दणकट. सेक्टर शाफ्ट (बॉक्समधून बाहेर येणारा दांडा) चेसिसच्या डाव्या रेलमधून बाहेर काढला की ड्रॅग लिंक, म्हणजे चाकांकडे जाणारी सळई, बाजूने सरळ पुढे जाते आणि गाडी जुन्या हॉट रॉडसारखी (दणकट इंजिन बसवलेल्या जुन्या गाडीसारखी) दिसते. ‘शेवरले व्हेगाचा का नाही घेतलास, नवी कॉपी मिळते की!’ हे मला आतापर्यंत अकरा जणांनी ऐकवलंय. मिळते, मान्य. पण त्याची लिंक एक्सलला समांतर, आडवी जाते. मला ती बाजूलाच हवी होती. हौसेला मोल नाही म्हणतात. आहे, वर लिहिलंय.

‘पाहिजे’ अशी जाहिरात टाकली आणि चाळीस मिनिटांत निरोप आला: माझ्या मेव्हण्याकडे पडलाय, त्याच्याशी बोला. पुढचं तुम्हाला पाठ असेल. मलाही पाठ होतं! ‘माझ्याकडे नाही, मेव्हण्याकडे आहे’ ही चोरांची ठरलेली युक्ती, तिच्याबद्दल मी स्वतः दोघांना सावध केलंय. मग कसा फसलो? कारण हा माणूस नेमकं बोलला. म्हणाला, आत ग्रीस कोंबलेलं नाही, गिअर ऑइलच आहे, आणि स्क्रू आवळून प्ले (ढिलेपणा) लपवलेला नाही. हे जाणकारच बोलतो. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, म्हणून वर्म (बॉक्समधला स्क्रूसारखा गिअर) झिजतो तो मध्यावर. लबाड माणूस ॲडजस्टिंग स्क्रू पिळतो, मग मध्यावर घट्ट लागतं आणि वळवायला गेलं की जाम. ग्रीस भरलं की गळती दिसत नाही आणि खडखडही दबते. मी विचारायच्या आधीच त्याने दोन्ही सांगितलं. दुसऱ्याच्या जाहिराती वाचून पाठ केलं असणार, हे आत्ता कळतंय.

तरी मी पुरावा मागितला. माझं नाव आणि तारीख कागदावर लिहून बॉक्सशेजारी ठेव, फोटो काढ. वीस मिनिटांत फोटो हजर. लाकडी बेंच, त्यावर काळाकुट्ट बॉक्स, शेजारी कागद. नाव अचूक! इथे माझं आडनाव आजवर कुणी धड लिहिलेलं नाही. मी विरघळलो.

आता नीट वाचा. तो फोटो मी झूम करून दहा मिनिटं पाहिला. बोल्टच्या कानांना तडा गेलाय का, सीलमधून तेल झिरपलंय का, शाफ्टला वेल्डिंग आहे का, सगळं तपासलं. कास्टिंगवर उठावाची अक्षरं-आकडे होते. इंग्रजी तीनचं पोट डावीकडे. आरशात दिसावं तसं. कागदावरचं माझं नाव सरळ आणि हातभर अंतरावरची लोखंडातली अक्षरं उलटी, एकाच फोटोत! कुणाचा तरी जुना फोटो आरशासारखा फिरवून (म्हणजे इमेज सर्चला सापडायला नको) वर कागद चिकटवलेला. फोटो फिरल्यामुळे सेक्टर शाफ्टही उजवीकडे निघत होता, उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीसारखा. मी गाडी शिकलो सांगलीत. माझ्या डोळ्याला त्यात काही खटकलंच नाही. ही सबब नाही, पण आहे ते असं आहे.

इन्शुरन्सचे पैसे गेल्यावर शेजारच्या आजोबांना फोटो दाखवला. सत्तरी ओलांडली, शाळेपासून हॉट रॉड बांधतात. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि शांतपणे विचारलं, ‘ऑस्ट्रेलियातून मागवतोयस का?’ (तिकडेही स्टिअरिंग उजवीकडेच.) फोटो उलटा करून शोधला, पाच मिनिटांत एका जुन्या लिलावात सापडला.

बँकेने ४७ मिनिटं फोनवर लटकवलं. ‘पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?’ हो, पण फसवल्यामुळे. ‘मग ते तुम्ही अधिकृत केलेलं पेमेंट झालं.’ म्हणजे चोराने माझा फोन पळवून पाठवले असते तर विचार झाला असता. पोलिसांकडे गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, स्टिअरिंग बॉक्स म्हणजे गिअरबॉक्सच ना? खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडे तक्रार करा. तिकडे फोन केला तर फसलेला माणूस जिथे राहतो तिथे करा. शेवटी रिपोर्ट हातात पडला, त्यात माझं आडनाव चुकीचं. चोराला जमलं होतं! केंद्र सरकारच्या साइटवर एक तास फॉर्म भरला, एक लांबलचक नंबर मिळाला. सात आठवडे झाले, नंबरच जपून ठेवलाय.

फोटो मागूच नका, व्हिडिओ मागा: शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना, तोंडाने तुमचं नाव घेत. साइड कव्हर उघडून वर्मवर खड्डे आहेत का ते दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर सोडा. पेमेंट ॲपच्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’वर (ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या पर्यायावर) पैसे मागणारा तुमचा फ्रेंडही नाही आणि फॅमिलीही नाही. क्रेडिट कार्डाने द्या, निदान भांडता तरी येतं. आणि ‘परत मिळणारे’ पैसे मागितले की तिथेच थांबा, आधीचे गेलेच आहेत असं समजा. मी थांबलो नाही, कारण थांबणं म्हणजे ७२४.५० गेले हे कबूल करणं होतं. तिसऱ्यांदा २१० मागितले तेव्हा थांबलो, एवढीच माझी हुशारी.

ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात जाणार आहे. रोख पैसे, आणि शाफ्ट स्वतःच्या हाताने फिरवून. आजोबाही येतायत. परवा तोच फोटो पुन्हा दिसला. भाव ६१५, कागदावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. कागदावर नाव असलेल्या त्या माणसाला सावध करायला गेलो तर त्याने मलाच ब्लॉक केलंय. त्याला बहुतेक मीच चोर वाटलो.