बेळगावात पेशंटसोबत राहणाऱ्यांसाठी खानावळ: 4 स्टार (पंखा चालला असता तर 5)

दवाखान्याच्या मागच्या गेटसमोरच्या बोळात आहे ही खानावळ. बोर्डावर कन्नडमध्ये नुसतं 'ऊट' (म्हणजे जेवण) लिहिलंय, बाकी नाव बिव काय नाही, निळं शटर बघून ओळखायचं. मी तिथं 19 दिवस दोन्ही टाइम जेवलेय, तेव्हा रिव्ह्यू लिहायचा हक्क माझा आहेच.

आमचे आप्पा गोठ्यात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, खानापूरहून गाडी करून आणलं. ऑपरेशनची तारीख मिळाली, रात्रीपासून उपाशी ठेवलं आणि सकाळी साखर 340 निघाली म्हणून कॅन्सल. मग परत तारीख परत उपाशी, तर ताप आला. तिसऱ्यांदा भूल देणारे डॉक्टरच आले नाहीत आणि हे आम्हाला कळलं दुपारी 2 ला, म्हाताऱ्या माणसाच्या घशाला कोरड पडलेली (दवाखान्याचं नाव लिहीत नाही, फॉलोअप अजून तिथंच आहे). आणि भेटायला येणारा प्रत्येकजण केळी ठेवून, देव करतो ते बऱ्यासाठीच, असं म्हणून जायचा. कुणाच्या बऱ्यासाठी ओ? मी तर मनातल्या मनात विठोबाशी बोलणंच बंद केलेलं.

तर जेवण. थाळी 80 रुपये, दोन भाकऱ्या किंवा तीन चपात्या, एक पातळ भाजी एक सुकी, भात, आमटी, ताक. शेंगदाण्याची चटणी ताटात न मागता पडते आणि तीच खरी तिथली स्पेशल आहे, लसूण भरपूर. भाकरी तव्यावरनं थेट ताटात. बुधवारची आमटी दोनदा खारट लागली, सांगितलं तर मावशी म्हणाल्या भात जास्त घे. फोनपे चालतं. पंखा आहे पण फिरत नाही, मे महिन्यात जाणार असाल तर दाराजवळचं बाकडं धरा. पेशंटसाठी पातळ पेज करून देतात स्टीलच्या डब्यात, त्याचे पैसे माझ्याकडनं एकदाही घेतले नाहीत.

तिसरी तारीख गेली त्या दिवशी मी ताटावर बसून रडत होते. मावशी म्हणाल्या, रडूलीस कशाला, भाकरी गार होतीया. मग स्वतःच समोर बसल्या. त्या निपाणीकडच्या, वेदगंगेकाठच्या, ख्रिस्ती. 2019 च्या ऑगस्टच्या पुरात घर बसलं, नुकसानभरपाईचा अर्ज तेव्हापासून फिरतोय, या टेबलावरनं त्या टेबलावर. मला त्यांनी बायबलमधल्या योसेफाची गोष्ट सांगितली, कांदा चिरत चिरत. 17 वर्षांचा होता तेव्हा भावांनी विकला, मग खोट्या आळानं तुरुंगात. तिथं राजाला प्याला देणाऱ्या माणसाला स्वप्नाचा अर्थ सांगितला, म्हणाला सुटलास की माझं नाव काढ. तो सुटला आणि विसरला! दोन वर्षं! फारोपुढं, म्हणजे त्या राजापुढं, योसेफ उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा. म्हणजे 13 वर्षं झाली की गं, मावशी म्हणाल्या, मला आत्ता कुठं सहा होतायत.

मी म्हटलं तुमच्यात माणूस थांबतो, आमच्यात उलटं आहे. पुंडलिक आईबापाचे पाय चेपत बसलेला, दारात देव आला तर वीट फेकून म्हणाला थांब जरा यावर, आणि 28 युगं झाली तो कमरेवर हात ठेवून थांबलाच आहे. मावशी इतक्या हसल्या की चिरायचं थांबलं. म्हणाल्या, मग तू वर जाऊन आप्पांचे पाय चेप, बाहेर कोण थांबलाय ते नंतर बघ.

हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. नर्स, नातेवाईक, सगळे एकतर कारण सांगायचे नाहीतर धीर. मावशींनी कारण दिलंच नाही. मी विचारलं तुमचा देव एवढा सगळं हातात ठेवून आहे तर तीन तारखा का घालवल्या, तर म्हणाल्या, मला काय ठावं, मी काय त्याची सेक्रेटरी हाय? ऑपरेशनची वेळ तो बघंल, पेज 11 ला तयार असती, डबा घेऊन ये.

आणि 11 म्हणजे 11, रविवार सोडला तर एकाही दिवशी सव्वा अकरा झाले नाहीत.

एक अडचण, रविवारी सकाळी बंद असतं, मावशी चर्चला जातात, दुपारी 1 नंतरच शटर उघडतं. पहिल्या रविवारी मी वडापाववर काढला. दुसऱ्या रविवारसाठी शनिवारीच चपात्या आणि चटणी कागदात बांधून दिली त्यांनी, म्हणजे सांगितलंत तर सोय होते.

ऑपरेशन झालं चौथ्या तारखेला. आप्पा वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात, गोठ्यापर्यंत नाही अजून, आणि म्हशी विकाव्या लागल्या त्याचं त्यांना जास्त लागलंय. विठोबाशी माझं बोलणं सुरू झालंय, भांडण मिटलेलं नाही. मावशींचा अर्जही परवा फोन केला तेव्हा तिथंच होता.

डबा स्वतःचा न्या. मी त्यांचा नेलेला, गडबडीत झाकण आमच्या घरी आलंय. पुढच्या मंगळवारी चेकअपला येतोय, तेव्हा आणून देते, मावशी.