आठ महिने जलनेती: गाजरगवताच्या मोसमात जवळजवळ गोळीविना

माझं नाक दरवर्षी गणपतीच्या सुमारास वाहायला लागतं ते दिवाळीपर्यंत थांबत नाही. सकाळी उठल्याउठल्या दहा-पंधरा शिंका, टाळूला आतून खाज, डोळे चुरचुरतात आणि दुपारपर्यंत एक नाकपुडी ठार बंद. साधी सर्दी समजून कित्येक वर्षं काढे प्यायले. तीन वर्षांपूर्वी हातावर टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची चाचणी केली, तेव्हा कळलं की मला गाजरगवताचे परागकण आणि घरातल्या धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) ही दोन्ही बाधतात. आमच्या सोसायटीमागे मोकळा प्लॉट आहे. पाऊस झाला की तो कमरेएवढ्या गाजरगवतानं भरतो. पुणेकरांना हे गवत नवं नाही. १९५०च्या दशकात भारतात ते पहिल्यांदा अभ्यासकांच्या डोळ्यांत भरलं, तेही पुण्यातच.

अ‍ॅलर्जीच्या गोळीनं शिंका थांबायच्या, हे खरंच आहे. पण मी शाळेत गणित शिकवते. रात्री गोळी घेतली तरी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासापर्यंत डोकं जड असायचं. एकदा फळ्यावर गणित सोडवताना मधली पायरीच सुटली, आणि त्याच संध्याकाळी स्कूटरवर सिग्नलला उभी असताना डोळे मिटायला लागले. त्या दिवशी मी घाबरले. त्याआधी नाक मोकळं करणारे थेंबही वापरून झाले होते, सलग तीन आठवडे. ते थांबवल्यावर नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदलं. असे थेंब चार-पाच दिवसांच्या वर वापरायचे नसतात, हे मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. नेती करून बघा, म्हणजे नळीच्या भांड्यातून कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीत घालून दुसरीतून काढा, असंही त्यांनीच सुचवलं. गेल्या जूनमध्ये सुरुवात केली.

पहिला आठवडा वाईट गेला, कारण मिठाचं प्रमाण मी अंदाजानं घेत होते. मीठ कमी पडलं की नाकात पाणी जाताच कपाळापर्यंत झणका जातो, पोहताना नाकात पाणी जातं तसा. जास्त झालं तरी चुरचुरतं. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. आपल्या रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच असतो, म्हणून ते पाणी नाकाला परकं वाटत नाही. मीठ आयोडीन नसलेलं घ्यायचं. मी चिमूटभर खायचा सोडाही घालते. पाणी मनगटावर टाकलं तर गरम-गार काहीच जाणवू नये, इतपत कोमट.

पाण्याबाबत मात्र मी कुणाचंही ऐकत नाही. नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही. फिल्टरचं स्वच्छ असतं, असं आमच्या घरातही म्हणून झालं, पण पिण्यायोग्य पाणी आणि नाकात घालण्यायोग्य पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेग्लेरिया नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकावाटे गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो. २०११ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यात नेतीपात्रात नळाचं पाणी वापरणारे दोघे दगावले. असं क्वचितच होतं, पण झालं तर माणूस बहुतेक वाचत नाही. म्हणून मी रात्री पाणी खळखळून उकळते, उकळी आल्यावरही मिनिटभर आच चालू ठेवते आणि झाकून निवायला ठेवते. पात्र रोज धुऊन पालथं घालते, कारण ओल्या नळीत काय वाढेल ते दिसत नाही.

करताना बेसिनवर वाकून डोकं एका कुशीला कलतं करायचं, तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास घ्यायचा. वरच्या नाकपुडीत नळी टेकवली की पाणी आपोआप खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळू शिंकरायचं. मी एकदा एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं आणि दोन दिवस उजव्या कानात दडा बसला.

सप्टेंबर हीच खरी परीक्षा. आदल्या वर्षी त्या महिन्यात कालनिर्णयवर गोळीच्या २२ खुणा होत्या, या वर्षी तीन. शिंका येतात, पण तीन-चारवर थांबतात. सगळं श्रेय नेतीचं आहे असं मी म्हणणार नाही. शाळेतून आल्याबरोबर केसांवरून आंघोळ, कपडे घरात वाळत घालणं, स्कूटरवर मास्क, झाडूऐवजी ओलं फडकं, चादरी गरम पाण्यात धुणं, हे सगळं त्याच वेळी सुरू केलं. पण सकाळ-संध्याकाळचा फरक मी मोजून पाहिला आहे. संध्याकाळची नेती चुकली की रात्री नाक चोंदतं. दिवसभराचे परागकण आतल्या चिकट स्रावात अडकलेले असतात, ते झोपण्यापूर्वी धुऊन निघणं महत्त्वाचं.

जुलैत सोसायटीतल्या सात-आठ जणांनी मागचं गाजरगवत फुलायच्या आधी हातमोजे घालून मुळासकट उपटलं. काही झाडांची पानं आधीच चाळणीसारखी झाली होती, त्यावर पिवळसर, काळ्या रेघांचे भुंगेरे बसलेले. हे मेक्सिकोतून मुद्दाम आणलेले, १९८४ साली बंगळुरूत सोडलेले किडे. ते मुख्यतः गाजरगवत खातात. ती झाडं आम्ही तशीच ठेवली.

डोळ्यांच्या खाजेवर नेतीचा काही उपयोग झाला नाही, गार पाण्याच्या घड्या आणि गॉगल यांनीच थोडं बरं वाटतं. स्थानिक मध दोन महिने घेतला, फरक शून्य. वाफेनं अर्धा तास मोकळं वाटतं, बस. दिवाळीत फटाक्यांच्या धुरात दोन रात्री गोळी घ्यावीच लागली, आणि मी ती बिनदिक्कत घेतली. छातीत शिट्टी वाजत असेल, धाप लागत असेल तर नेतीवर अवलंबून राहू नका, आधी डॉक्टर गाठा. दमा असलेल्या माझ्या बहिणीला मी हेच सांगते.

हिवाळ्यात मी दिवसातून एकदाच करत होते. आता शाळेच्या कुंपणालगतची वावळ पानं गाळून फुलायला लागली आहे, आणि परवापासून पहाटे टाळू पुन्हा खाजतेय. आजपासून संध्याकाळचं पाणीही उकळून ठेवतेय.