सोलापूरला डेप्युटेशनवर जाताय? मग हे खाऊन आणि बघूनच परत या

ऑफिसने काही महिन्यांसाठी सोलापूरला पाठवलं की पुण्या-मुंबईकडची माणसं पहिल्यांदा विचारतात तिथे जेवणाचं काय, आणि लगेच दुसरं, शनिवार-रविवार घरी येता येतं ना. येता येतं, पुण्याला हुतात्मा एक्सप्रेस आहे, २०२३ पासून वंदे भारत पण आहे, काही प्रश्न नाही. पण माझं म्हणणं असं की निदान निम्मे शनिवार-रविवार तरी तिथेच राहा. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला जाणारे लाखो लोक सोलापूर स्टेशनवर उतरतात आणि गाडी बदलून निघून जातात, गावात कोणी थांबतच नाही, आणि मला हे खरंच अन्यायाचं वाटतं कारण एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्या माणसाला सोलापूरइतकं सोयीचं खाणं देणारं दुसरं गाव मी तरी पाहिलेलं नाही.

मी बँकेच्या ऑडिटच्या कामासाठी हिवाळ्यात तिथे होते. रोज वेगळी शाखा, कधी शहरात कधी तालुक्याला, परत यायची वेळ नक्की नाही. सुरुवातीला जिथे राहायची सोय झाली होती तिथला डबा म्हणजे रोज तीच पिवळी डाळ आणि रबरासारखी चपाती, रात्री साडेनऊला गार झालेली. अशा वेळी माणूस बिस्किटं नाहीतर मॅगीवर येतो. मला वाचवलं ते कडक भाकरी आणि शेंगा चटणीने, म्हणून रिव्ह्यू तिथूनच सुरू करते.

कडक भाकरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना वाटतं शिळी वाळलेली भाकरी असेल. अजिबात नाही. ही मुद्दाम तशी करतात. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी एकदम पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर ठेवून तिच्यातली ओल पूर्ण घालवायची, हातात घेतली की पापडासारखी वाजते. बाजरीच्या भाकरीवर तीळ असतात. एकदा ओल गेली की ती आठवडेच्या आठवडे टिकते, फ्रीज नको, गरम करायला नको, गॅस तर नकोच. गावात बायका घरी करून पाकिटं विकतात, बचत गटांची असतात, दुकानात पण मिळतात. घेताना एकच बघायचं, पाकीट उघडून एक कडा मोडून बघायची (बहुतेक दुकानदार देतात बघायला), कट्कन मोडली तर घ्या, वाकली तर ओल राहिलीय, चार दिवसात वास येईल. ज्वारीची घेत असाल तर मालदांडीची (ही ज्वारीची एक जात) आहे का विचारा. मंगळवेढा भागातली काळ्या जमिनीतली रब्बीची ज्वारी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालेलं आहे, तिच्या भाकरीला जी गोडी असते ती आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या ज्वारीला नसते. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता, पण दोन्ही शेजारी ठेवून खाल्लं की लगेच कळतं.

आता शेंगा चटणी. सोलापुरात शेंगदाण्याची चटणी कोणी म्हणत नाही, शेंगा चटणीच. भाजलेले सोललेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट, एवढंच. पण सगळा खेळ उखळात कुटण्यात आहे. मिक्सरमधली चटणी म्हणजे कोरडी पूड होते, दाण्याचं कूट आणि तिखट एकत्र केल्यासारखी लागते. उखळातली कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं, लसूण त्या तेलात मुरतो, रंग गडद लाल होतो आणि मुठीत दाबली की गोळा होतो. हीच परीक्षा. दुकानात बरणीतली चटणी चमच्याने दाबून बघा, कडेला तेल दिसलं पाहिजे. मी जिथून नेहमी घ्यायचे तिथल्या मावशी पहिल्यांदाच म्हणाल्या, "चाखून बघा की ताई, न आवडली तर घेऊ नका." तळहातावर चिमूटभर ठेवली, आधी लसूण आला, मग दाण्याची गोडी, आणि तिखट सगळ्यात शेवटी मागून घशात. तिखट आहे बरं का, सवय नसेल तर सोबत दही ठेवाच. दह्यात कालवून सगळ्यात भारी लागते, नाहीतर वर कच्चं तेल घालायचं. आणि रात्री उशिरा आलं तर कडक भाकरी, दही, चटणी, एक कांदा बुक्कीने फोडलेला, पाच मिनिटात जेवण. बाहेर महिनाभर आरामात टिकते, त्यामुळे तालुक्याला जाताना बॅगेत कायम एक डबी असायची माझ्या.

मला वाटतं हे खाणं असं आहे ते या मुलखामुळेच. पाऊस कमी, ज्वारी आणि शेंगा पिकतात, आणि शहर गिरण्यांचं. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मधली, पुढे गिरण्या वाढल्या, मग यंत्रमाग, विडी कारखाने. पाळीवर जाणाऱ्या माणसांना न नासणारं, कोरडं, हातावर घेऊन खाता येईल असं जेवण हवंच. आपण डेप्युटेशनवाले पण शेवटी पाळीवरचेच लोक.

खाणावळीत बसून जेवायचं असेल तर नवी पेठ, पार्क चौक या भागात शोधा आणि बोर्डावर 'घरगुती' लिहिलंय याला भुलू नका, दुपारी एक वाजता आत स्थानिक नोकरदार माणसं दिसतायत का ते बघा. ताटात शेंगाभाजी असेल तर बसा. शेंगाभाजी म्हणजे दाण्याच्या कुटाची दाट तिखट आमटीसारखी भाजी, वर तर्री, त्यात कडक भाकरी कुस्करून खायची, चमचा मागू नका. भरलं वांगं पण छान असतं पण ते सगळीकडेच मिळतं. धपाटे सकाळी. संक्रांतीच्या आसपास असाल तर शेंगा पोळी, गूळपोळीपेक्षा मला ती जास्त आवडली, गुळाला दाण्याचा आधार मिळतो आणि नुसती गोड गोड लागत नाही. आणि कोणा लिंगायत सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका, हुग्गी मिळायची शक्यता असते, गव्हाची गूळ घातलेली खीर, वर तूप, ती हॉटेलात मिळत नाही सहसा.

अजून एक, सोलापूर म्हणजे फक्त मराठी नाही. बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही कानावर पडतात. पूर्व भागात, अशोक चौक-कन्ना चौकाकडे पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे, विणकाम करणारी तेलुगू घरं. सकाळी त्या बाजूला गेलात तर इडलीच्या गाड्या, आणि इडलीबरोबरची चटणी आपल्याकडच्या नारळाच्या पांढऱ्या चटणीसारखी मिळमिळीत नाही. मटण खाणाऱ्यांनी संध्याकाळी विजापूर वेशीत जावं, कोळशावरची शीक खायला. मी स्वतः नॉनव्हेज कमी खाते त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही, पण बरोबरचे लोक दर शनिवारी जायचे आणि मला नुसता तो धूर आणि भाजल्याचा वास पुरायचा.

हुरडा मात्र चुकवू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच मोसम. शेतावर आगटी पेटवतात, म्हणजे जमिनीत छोटा खड्डा आणि त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळायची. चोळणारा माणूस कसबी लागतो, गरम कणीस तळहातात फिरवतो, दोन फुंकरा मारतो, भुसा उडतो आणि हिरवे मऊ दाणे तुमच्या समोरच्या कागदावर पडतात. लगेच तोंडात टाकायचे. दोन मिनिटं थांबलात तर चिवट होतात आणि मग कळत नाही लोक एवढं काय कौतुक करतात. सोबत शेंगा चटणी, दही, गूळ, बोरं. हल्ली हुरडा पार्टीची पॅकेजेस झालीत, स्विमिंग पूल, डीजे, फोटोसाठी बैलगाडी, त्यातल्या एका ठिकाणी आम्हाला नेलं होतं आणि हुरडा आधीच भाजून हॉटपॉटमध्ये ठेवलेला. पैसे गेले म्हणून नाही, हुरड्याचा अपमान वाटला मला. शाखेतला शिपाई, गोडाऊन कीपर, कोणाचं तरी शेत असतंच, त्यांच्याशी दोस्ती करा, ते स्वतःहून म्हणतात "या की रविवारी".

बघायचं म्हणाल तर पहिलं सिद्धेश्वर. तलावाच्या मधोमध मंदिर, बाजूला भुईकोट किल्ला, संध्याकाळी काम संपल्यावर चालत जाण्यासारखं. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले, कन्नडमध्ये वचनं लिहिणारे, आणि हा तलाव त्यांनीच लोकांना घेऊन खोदला असं मानतात. जानेवारीत संक्रांतीला त्यांची यात्रा, गड्डा. उंचच उंच सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या मानाच्या काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली (बंद बांधायच्या अंगरख्यातली) माणसं ते कमरेच्या पट्ट्यावर तोलत शहरभरातल्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात. अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या दिवशी रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नसते आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा आवाज उठतो तेव्हा अंगावर काटा येतो, मी देवभोळी नाही तरी आला. गर्दीचा त्रास होत असेल तर होम मैदानावरची जत्रा नंतर बरेच दिवस चालू असते, पाळणे, भजी, खेळणी, तिकडे आठवड्याच्या मधल्या वारी जा.

शहरात आणखी दोन जागा, चार हुतात्मा चौक आणि भय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक. १९३० मध्ये इथे इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. हुतात्मा एक्सप्रेसने आपण जातो येतो पण नाव कोणामुळे ते बहुतेकांना माहीत नसतं. कोटणीसांचं घरच स्मारक केलंय, १९३८ ला चीनमध्ये गेलेला आणि १९४२ ला तिथेच वारलेला सोलापूरचा डॉक्टर. तासाभरात बघून होतं.

एका रविवारी गाडी काढून हत्तरसंग कुडलला जा, हे माझं सगळ्यात आवडतं. भीमा आणि सीनेचा संगम, जुनी दगडी मंदिरं, आणि तिथल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख, जो वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाचा. आद्य मराठी शिलालेखांत त्याचं नाव घेतात. हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा मान वर करून वाचता येते, तिकीट नाही, रांग नाही. शेजारी हरिहरेश्वराच्या मंदिरात ३५९ शिवप्रतिमा कोरलेलं एकच शिवलिंग आहे, बॅटरी घेऊन जा म्हणजे नीट दिसतं. आजूबाजूला हॉटेल नाही, पाणी आणि (अर्थातच) भाकरी-चटणी सोबत घ्या, एसटीच्या भरवशावर जाऊ नका. नळदुर्ग हैदराबाद रस्त्यावर, साधारण ४५ किलोमीटर. बोरी नदीवर बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. बंधाऱ्यावरचा नर-मादी धबधबा बघायचा असेल तर पावसाळ्यातच, मी हिवाळ्यात गेले तेव्हा तो बंद होता पण पाणीमहालात खिडकीत बसून नदी बघायला मिळते तेवढ्यासाठी पण जावं. अक्कलकोट मधल्या वारी गेलात तर दर्शन पटकन होतं, अन्नछत्रातला महाप्रसाद घ्या, इतक्या लोकांना रोज वाढतात तरी भात गरम असतो.

निघताना चादर घ्यालच. सोलापुरी नावाने बाहेर छापील मालही खपतो. चादर उलटी करून बघा, खऱ्या जॅकार्ड विणीत (म्हणजे नक्षी छापलेली नाही, मागावर विणलेली) मागच्या बाजूला तीच नक्षी रंग उलटे होऊन दिसते, मागे फिकट किंवा कोरी दिसली तर ठेवून द्या. पहिल्या दोन-तीन धुण्यांना रंग जातो म्हणून वेगळी धुवा. चटणी मात्र अगदी शेवटच्या दिवशी ताजी कुटलेली घ्या आणि दुप्पट घ्या, कारण ऑफिसमध्ये डबी उघडली की संपते. आणि साहेबांनी तारखा विचारल्या तर डिसेंबर-जानेवारी मागा, एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा उन्हाळा सहन होत नाही आणि हुरडाही नसतो.