मोतीबिंदूनंतर: दोन्ही डोळे लांबचे, की एक जरा जवळचा?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कृत्रिम भिंग बसवताना खानापूरच्या मामांचे दोन्ही डोळे लांबचं दिसेल असे केलेत. बेळगाव स्टँडवर बसची कन्नड पाटी ते चष्म्याविना वाचतात, पण पेपर उघडला की खिसे चाचपतात. कृत्रिम भिंग स्वतःहून फोकस बदलत नाही, तेव्हा वाचायला +2.5 च्या आसपासचा चष्मा आलाच.

आत्याचं वेगळं. तिचा उजवा, म्हणजे जोरकस डोळा (बघताना मेंदू ज्याच्यावर जास्त विसंबतो तो) लांबचा ठेवला आणि डावा मुद्दाम -1.25 नंबरवर, म्हणजे जरा जवळचा. त्याचा फोकस 80 सेंटीमीटरवर पडतो. मोबाईलवरचं नाव, ताटातले माशाचे काटे, भाजीवालीच्या हातातली सुटी नाणी, सगळं भागतं. उन्हात बाहुली बारीक झाली की आणखी बरं. सुईत दोरा ओवायला मात्र चष्माच! रात्री चोर्ला घाटात गाडी हाकायची तर डावा डोळा धूसर, अंतराचा अंदाजही किंचित ढिला. त्यासाठी लांबचा चष्मा गाडीतच ठेवायचा.

भिंग दोघांचंही साधं मोनोफोकल (एकाच अंतरावर फोकस असलेलं), म्हणजे महागड्या भिंगाचा खर्च नाही. माझं मत आत्याकडे झुकतं. रात्रीच्या ट्रकवाल्यानं मात्र मामांचाच मार्ग धरावा. मोतीबिंदू फार पिकला नसेल तर आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून हा फरक झेपतो का, ते बघता येतं.