जी-७ आणि जी-२०: जागतिक अर्थकारणासाठी कोणते व्यासपीठ?

१९७५ मध्ये फ्रान्समधील रांबुये येथे सहा औद्योगिक राष्ट्रांचे नेते तेलसंकट आणि चलनांची अस्थिरता यांवर विचार करण्यासाठी एकत्र आले. पुढच्या वर्षी कॅनडा सामील झाला आणि जी-७ आकारास आला. जी-२० हा १९९९ मध्ये, आशियाई वित्तसंकटानंतर, भारत व चीनसह प्रमुख अर्थव्यवस्थांच्या अर्थमंत्र्यांचा व मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांचा गट म्हणून सुरू झाला. त्याची पहिली शिखर परिषद नोव्हेंबर २००८ मध्ये वॉशिंग्टनला भरली.

दोन्हींना कायमस्वरूपी सचिवालय नाही आणि दोन्हींचे ठराव कायद्याने बंधनकारक नाहीत.

जी-७ चे सदस्य मोजके आणि बव्हंशी समविचारी असल्याने तेथे एकमत लवकर होते. डिसेंबर २०२२ मध्ये या गटाने युरोपीय संघ व ऑस्ट्रेलियासह रशियन कच्च्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल मर्यादा घातली. परंतु त्या तेलाचे मोठे खरेदीदार असलेले भारत आणि चीन या निर्णयात सहभागी नव्हते, ही त्याची उघड उणीव होती. जी-२० मध्ये जगाच्या सुमारे ८५ टक्के उत्पादनाचे प्रतिनिधित्व होते, त्यामुळे एप्रिल २००९ च्या लंडन परिषदेने जाहीर केलेल्या १.१ लाख कोटी डॉलरच्या अर्थसाहाय्याला वजन प्राप्त झाले. मात्र संकट ओसरले की हाच व्यापक गट संयुक्त निवेदनातील शब्दांवरून अडतो.

किमान १५ टक्के कंपनी कराची वाटचाल उद्बोधक आहे: जून २०२१ मध्ये जी-७ च्या अर्थमंत्र्यांनी त्याला पाठिंबा दिला, तर ऑक्टोबरमध्ये रोमच्या जी-२० परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. प्रस्तावाची जुळवाजुळव करण्यास जी-७ सोयीचा असला, तरी त्याला जागतिक मान्यता हवी असेल तर जी-२० टाळता येत नाही.